आकाशाची खोली

रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्याकडे पाहून दोन गोष्टी लगेच सांगता येतात : तो कोणत्या दिशेला आहे आणि किती ठळक आहे. तो किती लांब आहे, हे मात्र डोळ्यांना कळत नाही. हिवाळ्यात मृग नक्षत्रातला राजन्य आणि त्याच्या मागोमाग उगवणारा व्याध हे दोन्ही तारे एकाच छताला टांगल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, तर राजन्य साडेआठशेच्या आसपास. प्रकाश वर्षभरात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो, म्हणजे या दोन शेजाऱ्यांमधली दरी केवढी असेल याची कल्पना येते. विश्वाचा नकाशा काढण्याचा इतिहास हा बहुतांशी या न दिसणाऱ्या मापाचा, अंतराचा, इतिहास आहे.

सुरुवातीचे सगळे नकाशे सपाटच होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कसने ताऱ्यांची स्थाने नोंदवली. पुढे टॉलेमीच्या यादीत हजाराहून थोडे अधिक तारे आले. भारतीय सिद्धान्तग्रंथांनी प्रत्येक नक्षत्राचा एक योगतारा ठरवून त्याचे स्थान सांगणारे ध्रुवक आणि विक्षेप हे कोन दिले. पंधराव्या शतकात समरकंदला उलुघ बेगने हजारभर तारे नव्याने मोजले. दुर्बिणीपूर्वीच्या या परंपरेचा कळस डेन्मार्कच्या टायको ब्राहीने गाठला. त्याच्या मोजमापातली चूक एका कलेच्या आसपास, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी असे. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे तीस कला असते, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ डोळ्यांच्या बळावर केलेल्या या कामाचे मोल कळते.

याच टायकोने पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मानायला नकार दिला. त्याच्या कारणांत एक कारण अंतराचेच होते. हात लांब करून अंगठा आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने पाहिला, की मागच्या भिंतीवर तो सरकल्यासारखा वाटतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. पृथ्वी खरोखर फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यावर जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर असेच सरकायला हवेत. टायकोला काहीच सरकताना दिसले नाही. त्याचा तर्क बरोबर होता. तारे इतके दूर असतील, की हे सरकणे त्याच्या उपकरणांच्या आवाक्याबाहेर जाईल, एवढेच त्याला पटण्यासारखे नव्हते.

केप्लरच्या नियमांनी सतराव्या शतकाच्या आरंभी सूर्यमालेचा आराखडा स्पष्ट केला. पृथ्वीच्या तुलनेत शुक्र सूर्यापासून किती अंतरावर, गुरू किती, ही गुणोत्तरे नेमकी कळली. पण ती सारी गुणोत्तरेच होती. हातात उत्तम नकाशा आहे आणि त्यावर प्रमाणपट्टीच नाही, तशी ही अवस्था होती. एक अंतर किलोमीटरमध्ये कळले असते तर बाकीची आपोआप कळली असती. ते मिळवण्याचा मार्ग एडमंड हॅलीने १७१६ मध्ये मांडला. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो तेव्हा पृथ्वीच्या उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून पाहणाऱ्यांना त्याची वाट थोडी वेगळी दिसते. त्या फरकावरून सूर्याचे अंतर काढता येते. अशी अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि मग शंभराहून अधिक वर्षे येत नाहीत. हॅलीच्या नंतरची जोडी होती १७६१ आणि १७६९ ची.

त्यासाठी युरोपातून जगभर मोहिमा निघाल्या. त्यांतली एक भारताच्या किनाऱ्याशी जोडलेली आहे आणि विज्ञानाच्या इतिहासात इतके चटका लावणारे प्रसंग थोडेच असतील. फ्रान्सचा गियोम ल जांती १७६० मध्ये पाँडिचेरीला जायला निघाला. तो पोचण्याआधीच इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली आणि जहाज मागे वळले. ६ जून १७६१ ला आकाश स्वच्छ होते, शुक्र सूर्यावर होता आणि ल जांती भर समुद्रात हेलकावणाऱ्या जहाजावर. तिथून नेमके वेध घेणे शक्यच नव्हते. तो घरी परतला नाही. पुढच्या अधिक्रमणासाठी पूर्वेकडेच राहिला. १७६८ मध्ये, पाँडिचेरी पुन्हा फ्रेंचांकडे आलेली असताना, तिथे त्याने वेधशाळा उभारली. ग्रहणे काढण्याची स्थानिक पद्धतही तो एका तमिळ जाणकाराकडून शिकला. आधीच्या कितीतरी सकाळी निरभ्र गेल्या आणि जून १७६९ मधल्या त्या एका सकाळी नेमके ढग आले. मायदेशी परतल्यावर त्याला कळले, की तो मेला असे गृहीत धरून वारसांनी मालमत्तेची वाटणी चालवली आहे.

इतरांना मात्र यश आले. ताहितीवरून कॅप्टन कुकच्या चमूने घेतलेले वेध आणि इतर ठिकाणच्या नोंदी एकत्र करून सूर्याचे जे अंतर निघाले, ते आजच्या मापापासून एका टक्क्याच्या आसपास दूर होते. आज हे अंतर १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर असे ठरवून दिलेले आहे. नकाशाला प्रमाणपट्टी मिळाली ती इथे.

ताऱ्यांपर्यंत पोचायला आणखी सत्तर वर्षे लागली. १८३८ मध्ये जर्मन ज्योतिर्विद फ्रीडरिश बेसेल याने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या अंधुक ताऱ्याचा पराशय मोजला. तो आला विकलेच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे सुमारे १६ किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. त्यावरून अंतर निघाले दहा प्रकाशवर्षांच्या थोडे पुढे. आजचे माप ११.४ आहे. टायको का हरला ते इथे आकड्यांत दिसते : त्याची एका कलेची अचूकता या कामाला जवळजवळ दोनशे पटींनी कमी पडत होती.

पराशयाची पद्धत बिनचूक असली, तरी अंतर वाढत जाते तसा कोन झपाट्याने बारीक होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ती जवळच्या ताऱ्यांपुरतीच चालत होती. पुढची वाट सापडली ती दुर्बिणीला डोळा लावून नव्हे, टेबलाशी बसून काचेच्या प्लेटा तपासताना.

अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या प्लेटांवरून मोजमापे करण्यासाठी स्त्रियांना तुटपुंज्या पगारावर नेमले जाई. हेन्रिएटा लेविट त्यांतली एक. पेरू देशातून आलेल्या प्लेटांवर तारे उलटे उमटत : पारदर्शक काचेवर काळे ठिपके. एका रात्रीच्या प्लेटेवर दुसऱ्या रात्रीची प्रत ठेवून कोणता ठिपका लहानमोठा झाला हे ती शोधे. १९०८ मध्ये तिने मॅगेलन मेघ म्हटल्या जाणाऱ्या ताऱ्यांच्या दोन समूहांमधल्या १७७७ बदलत्या ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये लहान मॅगेलन मेघातल्या अशा २५ ताऱ्यांचा ठळकपणा आणि त्यांच्या तेज कमीजास्त होण्याचा काळ आलेखावर मांडला, तेव्हा ठिपके जवळजवळ सरळ रेषेत आले. जितका काळ मोठा, तितका तारा तेजस्वी.

या एका रेषेचे महत्त्व समजायला घाटातून रात्री दूरच्या वाडीकडे पाहावे. वाडीतले सगळे दिवे पाहणाऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे जो दिवा ठळक दिसतो तो खरोखरच ठळक असतो. लहान मॅगेलन मेघातले तारे असेच एकत्र आहेत. म्हणून लेविटने जे पाहिले ते ताऱ्यांच्या खऱ्या तेजाविषयी होते. आता अशा ताऱ्याचे तेज बदलण्याचा काळ मोजला की त्याचे खरे तेज कळते, आणि तो दिसतो किती मंद यावरून अंतर. त्या जातीचा नमुना तारा वृषपर्वा तारकासमूहात आहे, पाच दिवस नऊ तासांनी त्याचे तेज फिरून तेवढेच होते. म्हणून या जातीला वृषपर्वा चल तारे म्हणतात. लेविट १९२१ मध्ये वारली. चार वर्षांनी एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी तिचे नाव सुचवायचे मनात आणून चौकशी केली, तेव्हा ती हयात नसल्याचे त्याला समजले.

आकाशगंगा हेच सारे विश्व की तिच्या बाहेरही काही आहे, हा त्या काळचा मोठा वाद होता. १९२० मध्ये वॉशिंग्टनला त्यावर जाहीर चर्चा झाली आणि निकाल लागला नाही. देवयानी तारकासमूहात डोळ्यांनाही पुसटशी दिसणारी एक अभ्रिका आहे. ती आकाशगंगेतला वायूचा ढग की आकाशगंगेसारखीच स्वतंत्र दीर्घिका, हे अंतर कळल्याशिवाय सांगणे अशक्य होते. ५ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री एडविन हबलने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून तिची एक प्लेट घेतली. नव्याने उजळलेले तारे म्हणून त्याने तीन ठिपक्यांशेजारी शाईने ‘एन’ असे अक्षर लिहिले. मग जुन्या प्लेटांशी ताडून पाहिल्यावर त्यांतले एक अक्षर खोडले आणि तिथे ‘बदलता’ या अर्थाची तीन अक्षरे लिहून पुढे उद्गारचिन्ह घातले. तो ठिपका वृषपर्वा जातीचा तारा होता, काळ सुमारे ३१ दिवस. मराठी आकाशात वृषपर्वा, त्याची मुलगी शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती ही महाभारतातली मंडळी शेजारीशेजारी वस्तीला आहेत. देवयानीच्या अंतराचे कोडे वृषपर्व्याच्या कुळातल्या ताऱ्याने सोडवावे, हा योग मोठा सुंदर आहे. हबलने काढलेले अंतर ९ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होते. ते आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर पडत होते. वाद मिटला.

आकडा मात्र चुकीचा होता. आजचे अंतर २५ लाख प्रकाशवर्षे आहे. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमधले दिवे मालवलेले असताना वॉल्टर बाडे याला माउंट विल्सनवरून काळेभोर आकाश मिळाले. ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात हे त्याने तिथे ओळखले आणि १९५२ मध्ये दाखवून दिले, की वृषपर्वा चल ताऱ्यांच्याही दोन जाती आहेत, आजवर त्यांची गल्लत होत होती. त्या एका दुरुस्तीने दीर्घिकांची सगळी अंतरे दुप्पट झाली. प्रत्येक नवी पायरी खालच्या पायरीवर उभी असते. खालची हलली की वरचा सारा डोलारा हलतो.

याच सुमारास माणसाने बनवलेली यंत्रे आकाशात जाऊ लागली. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने ८३.६ किलो वजनाचा स्पुटनिक सोडला. १९५९ मध्ये लुना-३ ने चंद्राची कधीच न दिसलेली बाजू टिपली, १९६१ मध्ये युरी गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली, १९६९ मध्ये माणसे चंद्रावर उतरली. ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. नकाशाच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रसंग जुलै १९६५ चा आहे. मरिनर-४ यानाने मंगळाची जवळून घेतलेली पहिली चित्रे आकड्यांच्या रूपात पृथ्वीवर येऊ लागली. एकेक चित्र यायला कित्येक तास लागत. यंत्राने चित्र तयार करेपर्यंत थांबण्याइतका धीर अभियंत्यांना नव्हता. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर ओळीने चिकटवल्या आणि रंगीत खडू आणून आकड्यांप्रमाणे हातानेच रंग भरले. परग्रहाचे ते जवळून घेतलेले चित्र असे खडूने उमटले.

चंद्रावर अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांवर आजही लेझरचे झोत सोडले जातात आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो हे त्यातून कळते. ढगांनी झाकलेला शुक्र मॅगेलन यानाने रडारने मोजला, ९८ टक्के. चांद्रयान-१ ने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या. सगळ्यांत दूर गेलेले व्हॉयेजर-१ हे यान १९७७ मध्ये निघाले. त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येऊनही पृथ्वीवर पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे यानांनी प्रत्यक्ष फिरून पाहिलेला मुलूख हा घराच्या अंगणापुढे जात नाही. बाकीचा नकाशा आलेल्या प्रकाशावरूनच काढावा लागतो.

तरीही यानांनी या कामात मोठा हात दिला, तो उंच चढून. पृथ्वीवरची हवा सतत हलत असते, तारे लुकलुकतात ते त्यामुळेच, आणि विकलेच्या बारीक अंशाचे माप त्या हलण्यात बुडून जाते. १९८९ मध्ये युरोपीय अवकाशसंस्थेने सोडलेल्या हिपार्कोस उपग्रहाने हवेच्या वर जाऊन १ लाख १८ हजार ताऱ्यांचे पराशय मोजले. त्याच संस्थेचे गाया यान १९ डिसेंबर २०१३ ला निघाले आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून २०२५ च्या जानेवारीपर्यंत वेध घेत राहिले. त्याच्या यादीत सुमारे १८० कोटी तारे आहेत. हजार किलोमीटरवरच्या माणसाच्या केसाची जाडी मोजण्याइतकी त्याची नजर बारीक होती. एवढे करूनही आकाशगंगेतला जेमतेम एक टक्का तारा हाती आला आहे. पण हा एक टक्का कुठून कुठे चालला आहे तेही कळल्याने, सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आपल्या आकाशगंगेत मिसळून गेली, हा इतिहास उलगडता आला.

बेसेलच्या युक्तीचे सर्वांत थेट रूप एप्रिल २०२० मध्ये दिसले. प्लूटो ओलांडून सुमारे ७०० कोटी किलोमीटरवर पोचलेल्या न्यू होरायझन्स यानाने प्रॉक्झिमा या सर्वांत जवळच्या ताऱ्याचे छायाचित्र घेतले आणि त्याच वेळी पृथ्वीवरूनही ते घेतले गेले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, की तारा सरकलेला साध्या डोळ्यांना दिसतो. टायकोला जे हवे होते ते हेच.

आकाशगंगेच्या पलीकडच्या नकाशाला आणखी एक किल्ली लागली. प्रकाशाचा वर्णपट पाहिला, की दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आढळतात. यालाच रेडशिफ्ट किंवा ताम्रसृती म्हणतात. १९२९ मध्ये हबलने दाखवले, की दीर्घिका जितकी दूर, तितकी तिची ताम्रसृती जास्त; बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र दोन वर्षे आधी गणिताने त्याच निष्कर्षावर आले होते. विश्व प्रसरण पावते, हा त्याचा अर्थ. नकाशा काढणाऱ्यांना त्यातून एक सोय मिळाली : वर्णपट घेतला की अंतराचा अंदाज हाती.

१९८६ मध्ये व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका पट्टीतल्या सुमारे ११०० दीर्घिका अशा अंतरांसह मांडल्या. दीर्घिका सारख्या विखुरलेल्या असतील अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. कागदावर उमटला तो साबणाचा फेस. मोठमोठ्या पोकळ्या आणि त्यांच्या कडांवर दाटलेल्या दीर्घिका. तीन वर्षांत ५० कोटी प्रकाशवर्षे लांबीची दीर्घिकांची भिंतही सापडली.

मग प्रश्न उरला संख्येचा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर २००० पासून चाललेल्या स्लोन पाहणीने त्यावर काढलेला उपाय एखाद्या कारागिराला शोभेल असा होता. आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी ॲल्युमिनियमची एक मोठी थाळी. ज्या दीर्घिका मोजायच्या त्यांच्या जागी थाळीला नेमकी छिद्रे, ६४० छिद्रे. दिवसा माणसे टेबलाशी बसून प्रत्येक छिद्रात हाताने काचतंतू खोवत आणि रात्री ती थाळी दुर्बिणीला लावली जाई. प्रत्येक तंतूतून एका दीर्घिकेचा प्रकाश उतरे. दुसऱ्या तुकड्यासाठी दुसरी थाळी. अशा हजारो थाळ्या भरल्या गेल्या. आज ॲरिझोनातल्या डेझी या उपकरणात ५००० छोटे यंत्रमानव हेच काम मिनिटांत करतात.

स्लोन पाहणीच्या माहितीतून पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह ओळखला. त्याला त्यांनी सरस्वती हे नाव दिले. तो ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि ६० कोटी प्रकाशवर्षे पसरला आहे. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी आजच्या मानाने तरुण होती.

दिसणाऱ्या प्रकाशाखेरीज रेडिओ लहरींनीही नकाशा भरत जातो. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो आणि धूळ तिला अडवत नाही. १९५१ मध्ये ती प्रथम पकडली गेली आणि पुढच्या काही वर्षांत आकाशगंगेच्या फाट्यांचा नकाशा तिच्यावरून काढला गेला. नारायणगावजवळ खोडद परिसरात गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली जीएमआरटी ही महादुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, हीच लहर फार दुरून ऐकू शकते. २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे क्षीण संदेश एकत्र करून ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. एकेकट्या दीर्घिकेचा आवाज ऐकू येणे शक्य नव्हते.

नकाशाची बाहेरची कड म्हणजे १९६५ मध्ये सापडलेला सूक्ष्मलहरींचा सर्वत्र पसरलेला मंद उजेड. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना तो मोकळा झाला. कोबे, डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी त्यातले लाखात एक भाग इतके चढउतार टिपले आणि त्यांवरून विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे ठरले. मात्र या कडेवरून आत येत प्रसरणाचा वेग काढला तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर मिळतो, आणि लेविटच्या ताऱ्यांपासून बाहेर जात काढला तर सुमारे ७३. हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींनी पुन्हा पुन्हा तपासूनही ही तफावत गेलेली नाही. कुठली तरी पायरी डळमळीत आहे, किंवा विश्वाविषयीची समजूत.

या सगळ्या नकाशांत दोन पाचरी रिकाम्या दिसतात. तिथे दीर्घिका नाहीत असे नव्हे. आकाशगंगेची स्वतःची तबकडी, तिची धूळ आणि तारे त्या दिशांना आड येतात. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने हायड्रोजनची लहर वापरून या आडोशापलीकडे डोकावले. २०१६ मध्ये तिथल्या ८८३ दीर्घिकांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एक तृतीयांश दीर्घिका त्याआधी कोणी पाहिलेल्याच नव्हत्या.